इमिग्रेशन काउंटरवरच्या तीन प्रश्नांबद्दल : केंद्रीय गृह मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृह सचिव,
तसेच मा. आयुक्त, ब्युरो ऑफ इमिग्रेशन,
नवी दिल्ली.

विषय : मानवी तस्करीला बळी पडणाऱ्यांना ओळखण्याचे प्रशिक्षण इमिग्रेशन कर्मचाऱ्यांना देण्याबाबत.

महोदय,

माझी सगळी नोकरी विमानतळावर, चेक-इन काउंटरमागे गेली. शहरं बदलली, कंपन्या बदलल्या, काम तेच राहिलं. पासपोर्ट घ्यायचा, व्हिसा बघायचा, बॅग वजनाला लावायची, बोर्डिंग पास द्यायचा आणि प्रवाशाला तुमच्या रांगेकडे धाडायचं. आता निवृत्त होऊन कोल्हापुरात असते. हे पत्र लिहायला निमित्त झाला आमच्या गल्लीतला एक मुलगा. बी.एस्सी. झालेला, संगणक बऱ्यापैकी येणारा. २०२४ च्या पावसाळ्यात ‘बँकॉकला डेटा एंट्रीची नोकरी’ म्हणून गेला आणि थेट म्यानमारच्या म्यावाडीत, लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम जबरदस्तीने करून घेणाऱ्या टोळीच्या अड्ड्यावर, काटेरी कुंपणाच्या आत जाऊन पडला. मार्च २०२५ मध्ये सीमेलगतच्या थायलंडमधल्या माए सोटहून वायुदलाच्या विमानांनी जे पाचशेहून अधिक भारतीय परत आणले गेले, त्यांत तो होता.

तो घरी आल्यावर लोकांनी त्याला मारहाणीबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं. मी माझ्या सवयीने विचारलं, “इमिग्रेशनला काय विचारलं रे तुला?” तो म्हणाला, “तीन प्रश्न, काकू. कुठं चाललास, कशाला चाललास, परत कधी येणार. तिन्हीची उत्तरं एजंटनं आदल्या रात्रीच पाठवली होती.” ती व्हॉइस नोट त्याने जाताना आईलाही फॉरवर्ड केली होती, म्हणून मला ऐकायला मिळाली. नोकरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. फिरायला चाललोय म्हणायचं. चार रात्रींचं हॉटेल बुकिंग विचारायच्या आधी पुढे करायचं नाही, विचारल्यावर दाखवायचं. थायलंडच्या चलनाच्या, बाथच्या, नोटा पाकिटात वरच ठेवायच्या. आणि हो, दाढी करून जायचं.

एजंट आपल्या गिऱ्हाइकाला तुमच्या काउंटरसाठी इतकं घोटून तयार करतो. तुमच्या काउंटरवरच्या माणसाला या एजंटसाठी कोण तयार करतं, एवढंच मला विचारायचं आहे.

काउंटरवरचा माणूस कामचुकार आहे असं म्हणायला मी हे लिहीत नाही. खोटा पासपोर्ट हे लोक ज्या सफाईने पकडतात ते मी पाहिलं आहे. पान बोटाने चाचपून, अतिनील दिव्याखाली धरून, शिवणीचा दोरा बघून क्षणात सांगतात की फोटो बदललाय. ते जमतं, कारण ते शिकवलं जातं. पण तस्करीत पासपोर्ट खोटा नसतोच. पासपोर्ट खरा, व्हिसा खरा, तिकीट खरं, हॉटेलचं बुकिंगही त्या दिवसापुरतं खरं. खोटी असते ती फक्त पलीकडे वाट बघणारी नोकरी, आणि ती कुठल्याही दिव्याखाली दिसत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. विमानतळ कोणता ते लिहीत नाही, कारण हे कुठेही असंच झालं असतं. पहाटेच्या मस्कतच्या फ्लाइटला सात बायका एकत्र आल्या. तेलुगू बोलणाऱ्या, एकमेकींना फारशा ओळखत नसाव्यात अशा. सातही जणींच्या बॅगा एकाच रंगाच्या, एकाच दुकानातल्या, लेबल अजून लोंबत असलेल्या. सगळ्यांचे पासपोर्ट रबरबँड लावून एका माणसाच्या हातात, आणि तो स्वतः प्रवास करणारा नव्हता. सगळ्यांचं हॉटेल एक, परतीची तारीख एक. मी एकीला हिंदीत विचारलं, कुठे निघालात? तिने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, “मौसी के पास.” सातही जणी मौसीकडेच निघाल्या होत्या.

मी सुपरवायझरला सांगितलं, त्यांनी इमिग्रेशनच्या ड्युटी ऑफिसरला बोलावलं. माणूस सज्जन होता. त्याने सगळे कागद पुन्हा पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, मलाही दिसतंय. पण माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत, शिक्का मारणं नाहीतर ऑफलोड करून इथूनच परत पाठवणं. ऑफलोड केलं की कारण लिहावं लागतं. काय लिहू? सगळ्यांच्या बॅगा एकाच रंगाच्या आहेत?”

त्या बायका गेल्या. पुढे त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि त्या अधिकाऱ्यालाही कुणी कळवलं नसणार. हे न कळवणं हाच या व्यवस्थेचा मोठा दोष आहे. खोटा पासपोर्ट सुटला तर समोरच्या देशातून तो परत येतो, चूक कळते, माणूस शिकतो. तस्करीत चूक वर्षभराने कळते, कधी कळतही नाही, आणि कळली तरी ज्या काउंटरवरून ती बाई किंवा तो मुलगा गेला तिथपर्यंत पोचत नाही.

आता कायद्याचं. तुम्हाला तो माझ्याहून जास्त माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचणार म्हणून लिहिते. माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने बंदी घातली आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ तस्करीला शिक्षा सांगतं आणि त्याच कलमात स्पष्ट म्हटलंय की बळी पडलेल्याची संमती होती की नव्हती हा मुद्दाच गैरलागू आहे. म्हणजे ‘ती तर स्वतःच्या पायांनी विमानात बसली’ हे उत्तर कायद्याने बंद करून टाकलं आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविरोधी करार २००० सालचा. पालेर्मो प्रोटोकॉल म्हणतात तो. भारताने तो २०११ मध्ये मान्य केला. त्याच्या दहाव्या कलमात पोलिसांबरोबर इमिग्रेशन अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारांवर टाकलेली आहे, त्या खात्याचं नाव घेऊन. मी नवीन काही मागत नाही.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली. आपली चाळणी जुनी झाली आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने कमी शिकलेल्या मजुराला संरक्षण दिलं, दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘जाण्याआधी तपासणी आवश्यक’, हा शेरा आला, ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी आली. त्या काळी ते बरोबर होतं. आज म्यावाडीत अडकणारा मुलगा पदवीधर आहे, इंग्रजी बोलतो, टायपिंग करतो, म्हणूनच तर तो त्या टोळ्यांना हवा असतो. तो ईसीआरमध्ये येत नाही. त्यातून तो नोकरीला चाललोय असं सांगतच नाही, पर्यटक म्हणून जातो. कंबोडिया, लाओस, म्यानमार हे देश तर त्या यादीतच नाहीत. थायलंड यादीत आहे, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाच माफ केला. म्हणजे आधी दूतावासात किंवा तिथे उतरल्यावर निदान व्हिसाचा एक अर्ज भरावा लागायचा, तोही गेला. शिवाय १ जुलै २०१७ पासून भारतीय प्रवाशांनी भरायचं डिपार्चर कार्ड तुम्ही बंद केलंत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या कार्डावर कुणी खरं लिहीत नव्हतं. पण या सगळ्यानंतर त्या मुलाच्या आणि विमानाच्या मध्ये फक्त तुमचा काउंटर उरला. जबाबदारी वाढली, प्रश्न मात्र तीनच राहिले.

दुसरी. इशारे वेळेवर मिळाले होते. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच थायलंडच्या नावाखाली म्यानमारला नेणाऱ्या बनावट नोकऱ्यांबद्दल जाहीर सूचना काढली. त्यानंतर तुमच्याच विभागाच्या आकडेवारीवरून वर्तमानपत्रांत आलं की जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात व्हिजिटर व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनामला गेलेले २९,४६६ भारतीय परत आलेलेच नाहीत. त्यांत तीन हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. यातले सगळेच फसवले गेले असं कुणी म्हणणार नाही. पण आमच्या गल्लीतला मुलगा २०२४ च्या पावसाळ्यात, म्हणजे सूचनेनंतर जवळजवळ दोन वर्षांनी, त्याच वाटेने गेला आणि त्याला ‘तिथं उतरल्यावर तुला घ्यायला कोण येणार आहे?’ एवढं कुणी विचारलं नाही. सूचना वेबसाइटवर होती. काउंटरवर नव्हती.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. तस्करीचा बळी कसा दिसतो याची आपल्या डोक्यातली प्रतिमाच चुकीची आहे. रडवेली, भेदरलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली बाई आपण शोधतो. परतीच्या वाटेवर ती तशी दिसेलही. जाताना बळी आनंदात असतो! पहिलंच विमान, नवे बूट, गेटवर सेल्फी, घरी व्हिडिओ कॉल. आमचा मुलगा सांगतो की त्या दिवशी त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची अकरा लक्षणं सांगितली आहेत. पासपोर्ट काढून घेणं, पगार अडवणं, कर्जात अडकवणं, कोंडून ठेवणं वगैरे. ती बहुतेक सगळी पोचल्यावरची आहेत. तीच यादी भाषांतर करून काउंटरच्या काचेमागे चिकटवली तर उपयोग शून्य.

निघताना दिसतात ती लक्षणं वेगळी आणि साधी. पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात असणं. तिकीट कोणी काढलं ते सांगता न येणं. पाच दिवसांच्या सहलीला निघालेल्याच्या बॅगेत शैक्षणिक कागदपत्रांची फाइल असणं. हॉटेलचं नाव तोंडपाठ, पण शहरात काय बघणार ते माहीत नसणं. मागेपुढे असलेल्या तिघांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी असणं. सराईत ग्राउंड स्टाफला हे दिसतं. फक्त आम्हाला कुणी विचारत नाही, आणि आम्ही सांगितलं तर ते लिहायला तुमच्या फॉर्मवर रकाना नाही.

इथे एक सावधगिरीही सांगते, कारण प्रशिक्षण वाईट दिलं तर त्याचा त्रास नेमका गरिबाला होतो. लुगडं नेसलेली, पहिल्यांदा विमानात बसणारी, इंग्रजी न येणारी बाई घाबरलेली असते ती विमानतळाला. मुलाकडे दुबईला निघालेल्या आज्जींना अर्धा अर्धा तास उभं केलेलं मी पाहिलं आहे, त्याच वेळी शेजारच्या काउंटरवरून चकाचक पोरांचा घोळका पुढे सरकत होता. फिलिपिन्सचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथे तस्करी रोखण्यासाठी निघणाऱ्या प्रवाशांची कसून चौकशी करतात. २०२३ मध्ये एका तरुणीकडे शाळेचं इयरबुक मागितल्याचं प्रकरण गाजलं, तिचं विमान चुकलं होतं. त्याच वर्षी आणखी कडक नियम जाहीर झाले आणि लोकांच्या संतापामुळे लागू व्हायच्या आधीच स्थगित करावे लागले. आपल्याकडेही ईसीआर पासपोर्टवर घरकामासाठी आखातात जायला बाईचं वय तीस पूर्ण हवं असा नियम आहे. हेतू चांगला. पण पोटाची गरज वयाला थांबत नाही, आणि सरळ रस्ता बंद झाला की तीच बाई व्हिजिट व्हिसावर, एजंटच्या भरवशावर जाते. त्या सात जणींतल्या निदान चौघी तिशीच्या आतल्या होत्या.

म्हणून ऑफलोड वाढवा असं मी मुळीच म्हणत नाही. ऑफलोड झालेल्याचे तिकिटाचे पैसे बुडतात, एजंट ते त्याच्याच नावावर कर्ज म्हणून लावतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातून पाठवतो.

चौथी. परत येणाऱ्यांशी आपण कसं वागतो? फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर डिसेंबर २०२३ मध्ये तस्करीच्या संशयावरून एक विमान थांबवलं गेलं. ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय, फुजैराहून निकाराग्वाला निघालेले, त्यांत पालकांशिवायची मुलंही होती. त्यातले २७६ जण मुंबईत परत उतरले. त्यांच्यापैकी बरेच जण स्वखुशीने, पैसे भरून अमेरिकेच्या वाटेला लागले असतील, ती तस्करी नव्हे हे मलाही कळतं. पण कोण फसला आणि कोण जाणूनबुजून गेला हे वेगळं करणं हेच तर कौशल्य आहे, आणि ते शिकवावं लागतं. म्यानमारहून आलेल्यांची चौकशी झाली. व्हायलाच हवी होती, कारण अशा घोळक्यात एजंटही मिसळलेले असतात. महाराष्ट्र सायबरने एप्रिल २०२५ मध्ये म्यानमारमधून साठहून अधिक जणांना सोडवलं तेव्हा एजंटांना अटकही केली. पण आमच्या मुलाला तासन्‌तास एकच विचारलं गेलं, तू किती लोकांना फसवलंस? तुला कोणी विकलं, हा प्रश्न त्याला पहिल्यांदा विचारला तो घरी आल्यावर त्याच्या आजीने.

देशात येणाऱ्यांचीही तीच गत. बांगलादेशातून आणलेल्या मुली भिवंडीत, पुण्यात, नवी मुंबईत सापडतात. तस्करीची बळी ठरलेल्या परदेशी बायकामुलांवर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये, अशी सूचना तुमच्याच मंत्रालयाने १ मे २०१२ ला राज्यांना दिलेली आहे. आता १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. ती जुनी सूचना नव्या कायद्याखाली तशीच चालू राहणार की नाही, हे प्रत्येक ठाण्यात आणि प्रत्येक चेकपोस्टवर लेखी जायला हवं.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

काउंटरवर बसण्याआधी प्रत्येकाला, मग तो तुमच्या विभागाचा असो की पोलिसांतून प्रतिनियुक्तीवर आलेला, तस्करी ओळखण्याचं सक्तीचं प्रशिक्षण द्या. प्रतिनियुक्तीवरची माणसं काही वर्षांत परत जातात, म्हणून एकदा कार्यशाळा घेतली, फोटो काढला, संपलं, असं नको. दर वर्षी घ्या. शिकवायला परत आलेली मुलं आणि बायका बोलवा, त्यांना त्या दिवसाचं मानधन द्या. आम्हा ग्राउंड स्टाफलाही बोलवा. एजंट शिकवतात ती उत्तरं दर दोन महिन्यांनी बदलतात, तेव्हा प्रश्नही बदलते हवेत. मला विचाराल तर तीन प्रश्नांच्या जागी हे तीन विचारून बघा : तिकिटाचे पैसे कोणी भरले? तिथे उतरल्यावर न्यायला येणाऱ्याचं नाव काय? आणि तिथे काही बिनसलं तर परत यायचे पैसे कुठून आणणार? एजंटला किती दिले हे कुणी बोलून गेलं तर तिथेच कळेल, कारण नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. आमच्या मुलाने दीड लाख मोजले होते.

शिक्का आणि ऑफलोड यांच्यामध्ये तिसरा पर्याय द्या. एक वेगळी खोली, बरोबरच्या माणसापासून दूर. एक महिला अधिकारी, प्रवाशाची भाषा बोलणारं कुणीतरी, फोनवर असलं तरी चालेल. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाशी आणि पोलिसांच्या मानवी तस्करीविरोधी कक्षाशी रात्री दोन वाजताही जोडून देणारा एक नंबर, कारण आखाताची बरीच विमानं रात्री-अपरात्री सुटतात. पंधरा मिनिटांत खरी परिस्थिती समजावून सांगायची. मग जायचं की नाही हे सज्ञान माणसाला ठरवू द्या. जायचंच म्हणाला तर दूतावासाचा नंबर, घरच्यांचा नंबर आणि जाण्याचा पत्ता यांची नोंद ठेवून जाऊ द्या. पासपोर्टवर कसलाही डाग लावू नका. संशयाचं कारण लिहायला त्या अधिकाऱ्याला फॉर्मवर जागा द्या आणि प्रामाणिकपणे घेतलेल्या संशयाबद्दल त्याला नंतर झापू नका.

त्याला वेळ कुठून मिळणार, असं तुम्ही म्हणाल. जानेवारी २०२५ पासून मुंबईसह आणखी सात विमानतळांवर नेहमीच्या प्रवाशांसाठी ई-गेट आले, अर्ध्या मिनिटात माणूस पार होतो अशी तुमचीच जाहिरात आहे. तिथे वाचलेली माणसं आणि मिनिटं इकडे वळवा.

परत आलेल्या प्रत्येक बळीची माहिती तो ज्या विमानतळावरून गेला तिथे पोचवा, कुणाला शिक्षा म्हणून नाही, पुढच्या वेळी ओळखता यावं म्हणून. किती जणांना काउंटरवर ओळखलं, किती जणांना त्या खोलीत नेलं, त्यातले किती खरोखर बळी निघाले, हे आकडे दर वर्षी जाहीर करा.

आणि एक अगदी स्वस्तातली मागणी. इमिग्रेशनच्या अलीकडच्या सगळ्या स्वच्छतागृहांत, दाराच्या आतल्या बाजूला, मराठी, हिंदी, तेलुगू, पंजाबी, तमिळ, बांगला अशा भाषांत चार ओळींचा फलक लावा आणि खाली नंबर द्या. बाईबरोबर आलेला माणूस सगळीकडे तिच्या मागे असतो, तिथे नसतो.

तस्करीविरोधी स्वतंत्र विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळलं, २०२१ चा मसुदा अजून मसुदाच आहे. त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. वर मागितलेल्यातलं बहुतेक सगळं विभागीय आदेशाने होण्यासारखं आहे.

या पत्राची प्रत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला आणि राज्यातल्या खासदारांना पाठवत आहे. येत्या अधिवेशनात त्यांनी एवढंच विचारावं : सध्या काउंटरवर बसणाऱ्यांपैकी किती जणांना हे प्रशिक्षण मिळालं आहे, शेवटचं कधी मिळालं, आणि ते किती तासांचं होतं. तुमचं उत्तर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत कशातही आलं तरी चालेल. ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ अशी एका ओळीची पोच तेवढी नको.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विमानतळ कर्मचारी,
कोल्हापूर